सोबत कोण आहे?

लाटकर मास्तरांना मी बसलेलं दोनदाच पाहिलं. एवढ्या वर्षांच्या ओळखीत दोनदाच म्हटलं की लोकांना वाटतं, मी तिखटमीठ लावून सांगतोय. पण साताऱ्याच्या आमच्या शाळेत ज्यांनी त्यांच्याबरोबर नोकरी केली त्यांना विचारा. चहा उभ्याने, वर्तमानपत्र येरझाऱ्या घालत. मधल्या सुट्टीत आम्ही बाकी शिक्षक भिंतीला पाठ टेकून जरा विसावायचो, तेव्हा हे गृहस्थ दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत. जेवायला बसत असणारच, पण ते त्यांच्या बायकोनं, माईंनी पाहिलं असेल. एकदा गणिताचे सर वैतागून म्हणाले, "अहो लाटकर, टेका की घटकाभर. तुमच्याकडे बघून आमचे पाय दुखायला लागले." त्यावर मास्तर म्हणाले, "बसलो की मला वाटतं, कुठेतरी काहीतरी माझ्यावाचून निघून चाललंय." हे त्यांनी हसत सांगितलं नाही.

मी चित्रकला शिकवायचो. समोर दिसेल त्याचं चित्र काढायची खोड मला होतीच, आणि मास्तरांचा चेहरा तर काढण्यासारखाच होता: लांब नाक, आत गेलेले गाल, काळ्या टोपीखालून डोकावणारे कान. पण नाक काढून होईपर्यंत माणूस दुसऱ्या भिंतीला पोचलेला असे. माझ्या वहीत त्यांची नुसती नाकंच आहेत. ते चित्र राहिलं ते राहिलंच, म्हणून आता हे असं शब्दांत काढतोय.

ते इंग्रजी शिकवत. वर्गातली खुर्ची त्यांच्या छत्रीची. छत्री खुर्चीत बसे आणि मास्तर बाकांमधून हिंडत. शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून पाठ करून घेणं त्यांना साफ नामंजूर होतं. "एकट्या शब्दाला अर्थ विचारायचा नाही," हा त्यांचा पहिला नियम. "गावात पाहुणा आला तर आपण काय विचारतो? कुणाकडे आलात? बरोबर कोण आहे? मग शब्दालाही तेच विचारायचं." त्यामुळे त्यांच्या वर्गात कुणी कुठल्याही शब्दाचा अर्थ विचारला की पोरं एका सुरात ओरडत, "सोबत कोण आहे, सर?" बाजूच्या वर्गाला दचकायला होई.

त्यांची गाडी सुरू व्हायची ती मराठीतूनच.

"काय रे शिंदे, तुझी आई भाकरी काय करते?"

"थापती, सर."

"आणि पोळी?"

"लाटती."

"आज घरी जा आणि सांग, आई, आज भाकरी लाट. बघ जेवायला मिळतं का. हाक मारतात, शीळ घालतात. हाक का घालत नाहीत? काही कारण नाही. ही सोयरीक आपल्या जन्माच्या आधी ठरलीय, आपण फक्त अक्षता टाकायच्या. इंग्रजाच्या घरीही तेच आहे."

मग फळ्याच्या मध्यभागी एक नाम येई आणि त्याचे सोयरे गोळा करायचे. 'इंटरेस्ट' आला. "हा सावकाराकडे गेला की 'पे' करतात. वर्गात आला की 'टेक' करतात. आणि आमच्या गोडबोल्यांचा मागच्या बाकावर बसून 'लूझ' झालेला आहे." पोरं हसत, गोडबोले जागा होई. कुणी दोन न जमणारे शब्द एकत्र आणले तर मास्तर "मोडा हे लग्न!" म्हणून धावत जात आणि कोटाच्या बाहीनेच फळा पुसत. त्यांची उजवी बाही कायम पांढरी असे. मुलं त्यांना सोयरे मास्तर म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं.

एवढं सगळं असून हा माणूस कुठेच टिकत नव्हता. बी.टी.ची शिक्षकी परीक्षा झालेली नव्हती, म्हणून नेमणूक नेहमी तात्पुरती. पण खरं सांगायचं तर तात्पुरतं असणं त्यांना सोयीचंच होतं. मुख्याध्यापकांनी शब्दार्थ पाठ करून घ्यायला सांगितलं की राजीनामा. नाही सांगितलं तरी वर्षा-दीड वर्षात पायांना कंड सुटल्यासारखं व्हायचं आणि दुसऱ्या गावची जागा दिसायला लागायची. साताऱ्यात आले ते कऱ्हाडहून, त्याआधी वाई, त्याआधी कुठेसे. दरवेळी माईंनी संसार पत्र्याच्या मोठ्या पेटीत भरायचा आणि मागे जायचं. माहेरून आलेली तांब्या-पितळेची भांडी एकात एक घालून त्या पेटी भरत. ते भरणं त्यांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की गप्पा मारता मारता हात चालत.

लढाईच्या दिवसांत त्यांनी साताऱ्याची शाळा सोडली आणि सांगलीला निघाले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. माई पेटीसकट डब्यात चढल्या. मास्तर अर्थातच खाली, फलाटावर येरझाऱ्या. पुढच्या डब्यात एक गोरा लष्करी साहेब खिडकीशी बसून सटासट शिंकत होता. झालं. मास्तरांच्या मनात कित्येक दिवस एक शंका घोळत होती. जुन्या पुस्तकात सर्दीला 'टेक' होतं, नव्यात 'कॅच'. खरा इंग्रज काय म्हणतो? ते खिडकीशी गेले, टोपी सारखी केली आणि साहेबाला अदबीने विचारू लागले. साहेबाला वाटलं हा औषध विकायला आलाय. तो नको नको करत राहिला, हे समजावत राहिले. तेवढ्यात गाडी हलली. मास्तर खिडकीबरोबर धावायला लागले. फलाट संपता संपता साहेब हसून काहीतरी ओरडला आणि हे उजळलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे परत आले. "'कॅच'! 'कॅच'च म्हणाला तो!"

मी म्हटलं, "मास्तर, माई गेल्या."

त्यांचा चेहरा असा पडला की मला हसूही येईना. दुसरी गाडी केव्हा येईल याची वाट बघणं त्यांच्याच्याने होणारं नव्हतं. छत्री काखेला मारून ते रुळांच्या कडेने कोरेगावकडे चालायला लागले.

पुढे काय झालं ते मला माईंनीच सांगितलं. मीही वर्षभरात सांगलीच्या त्याच शाळेत गेलो, तेव्हा. "कोरेगावला मी उतरले. हमालानं पेटी खाली घेतली, तिच्यावर बसून राहिले. हे आले घामाघूम. मला वाटलं, चुकलं म्हणतील. तर पहिलं वाक्य काय? 'सर्दी पकडतात, माई.' मी म्हटलं, बरोबर आहे. सर्दी पकडतात आणि बायको सोडतात." सांगताना त्या हसल्या. मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "पण भाऊजी, गाडी हलली ना, तेव्हा पेटीची कडी धरून बसले. वाटलं, आपलं एक दिवस हे असंच होणार."

सांगलीत त्यांना गावभागात दोन खोल्या मिळाल्या होत्या, मागे छोटं परस. माईंना ते घर फार आवडलं. पण पेटी त्यांनी उघडली नाही. शेजारणीकडून आणलेल्या दोन पातेल्यांत स्वयंपाक करायच्या आणि पेटीवर गोधडी घालून तिचं बसायचं आसन केलं होतं. "भांडी आता फळीवर चढली की उतरणार नाहीत. तुम्ही कायम झालात की पेटी उघडीन," असं त्यांनी मास्तरांना सांगून टाकलं. रागावून नाही, साधं सांगावं तसं. मास्तर त्या दिवशी परसात किती फेऱ्या मारत होते ते शेजारच्यांनी मला सांगितलं.

कायम व्हायचं तर तपासणीत पास व्हायला हवं होतं. आमचे मुख्याध्यापक भले होते. बी.टी. नसली तरी तपासणीला येणाऱ्या साहेबांनी चांगला शेरा दिला तर संस्था कायम करील, एवढं त्यांनी पदरात पाडून घेतलं होतं. फक्त ते म्हणाले, "लाटकर, येणारे साहेब जुन्या वळणाचे आहेत. तुमचं ते हिंडणं आणि लग्नं लावणं एक तास बाजूला ठेवा. खुर्चीत बसा, पुस्तक हातात धरा, ओळीने शिकवा." माईंनी त्यांच्याकडून देवासमोर कबूल करून घेतलं. मास्तरांनी सुपारी उचलली.

माझा चित्रकलेचा वर्ग शेजारीच, मध्ये लाकडी पार्टिशन आणि त्याला बोटभर फट. मी ती सोडणार नव्हतो. साहेब मागच्या बाकाजवळ बसले होते, पांढऱ्या मिशांचे, जड अंगाचे. मास्तर आत आले, छत्री भिंतीला टेकवली आणि खुर्चीत बसले.

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मास्तरांनी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले, पण तो आवाज त्यांचा नव्हताच. घशातून हवा तेवढी येत होती. कपाळावर घाम, तोंड पांढरं फटक. टेबलाखाली पाय असा हलत होता की शाईची दौत थरथरत होती. मला बघवेना.

त्या वर्गात बिरू होता. जतकडचा, मेंढरांमागे वाढलेला, उशिरा शाळेत घातलेला, मिसरूड फुटलेला गडी. हे मला त्यानेच नंतर सांगितलं: त्यांच्यात रानात कळपामागे चालणारं जाणतं माणूस मधेच खाली बसलं, तर विचारत बसत नाहीत. पाणी घेऊन पळतात. चालणारं माणूस आपणहून बसत नाही, त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं. बिरूने मास्तरांकडे एकदा बघितलं, खिडकीतून बाहेर उडी टाकली आणि गावभागाकडे सुसाट सुटला.

"माई, चला बिगीबिगी! मास्तर बसल्याती!"

"अरे, ते बसणारच होते," माई म्हणाल्या.

"आवं न्हाई, लय वंगाळ दिसतंय. तोंड पांढरं पडलंय, बोलनं बी फुटंना. चला तुमी."

मग मात्र माई उठल्या. आपण सुपारी उचलायला लावली आणि ती यांच्या जिवावर बेतली, एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. तांब्यात साखरपाणी कालवलं आणि त्या निघाल्या, अनवाणी. पुढे बिरू, मागे माई. सांगलीच्या भर रस्त्याने धावणारी ती बाई ज्यांनी पाहिली ते पुढे बरेच दिवस सांगत होते.

मी फटीतून बघतोय, तर दारात माई उभ्या. धाप लागलेली, हातात तांब्या. समोर मास्तर धडधाकट, आणि मागे साहेब. त्यांच्या लक्षात आलं आणि त्या वळायला लागल्या.

"कोण या बाई?" साहेब म्हणाले.

मास्तर उभे राहिले. बिरूच बोलला. "सायेब, आमचं मास्तर कवाच बसत न्हाईत. आज बसलं. आमास्नी वाटलं, आजारी पडलं."

सगळा वर्ग हसला आणि लगेच गप्प झाला. साहेबांनी माईंकडे बघितलं. माई पदर सावरून, दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या, "चूक माझी आहे. मीच त्यांना बसायला सांगितलं होतं. त्यांना उभं राहू द्या." आता सगळं गेलं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

साहेब उठले. सावकाश पुढे आले आणि स्वतः त्या खुर्चीत बसले. "माझं वय झालं, मला बसू द्या. तुम्ही चाला, लाटकर. रोज शिकवता तसं शिकवा."

मास्तरांनी खडू उचलला आणि फळ्यावर लिहिलं, 'कंपनी'.

"अर्थ काय?"

"सोबत कोण आहे, सर?" पोरांनी छप्पर उडवलं. साहेबांच्या भुवया वर गेल्या.

मग काय, विचारू नका. एक म्हणाला नाटक कंपनी, सांगलीच्या पोराला दुसरं काय सुचणार. एक म्हणाला, माझा थोरला भाऊ पलटणीत आहे, बी कंपनीत. एकाने कंपनी सरकार काढलं. मास्तर या बाकावरून त्या बाकावर. "नाटकाची असली तर मालक ती 'रन' करतो, म्हणजे चालवतो. पलटणीतली कॅप्टन 'कमांड' करतो. आणि माणसाला माणसाची कंपनी? आपण सोबत करतो, इंग्रज सोबत 'कीप' करतो, ठेवतो. चांगली ठेवतो, 'बॅड'ही ठेवतो, गोडबोल्यांसारखी." साताऱ्याचा गोडबोले सांगलीच्या पोरांना काय माहीत, पण ती हसली. "'कीप' झालं. आता ती सोबत सुटली तर?" मास्तर बिरूशेजारी जाऊन उभे राहिले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "'पार्ट'," असं म्हणून हात काढला आणि चालत चालत दाराबाहेर गेले. हे ते नेहमी करत. वर्ग वाट बघे, मग परत येत. त्या दिवशी बाहेर दाराआड माई उभ्या होत्या, नवऱ्याचा वर्ग आयुष्यात पहिल्यांदा ऐकत. मास्तरांनी त्यांच्या हातातला तांब्या घेतला, साखरपाणी घटाघटा प्यायले आणि आत आले.

शेरा उत्तम मिळाला. मास्तर कायम झाले. माईंनी पेटी उघडली, सगळी भांडी चिंचेने घासली आणि फळ्यांवर लावली. आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा मास्तर अर्थातच वाढायला उभे, आणि पाट मांडता मांडता त्या पुन्हा पुन्हा त्या फळ्यांकडे बघत होत्या. परसात त्यांनी पावट्याचा वेल लावला. गोष्ट इथेच थांबली असती तर मला फार बरं वाटलं असतं.

पण मास्तरांचं बिनसलं ते कायम झाल्यापासूनच. संध्याकाळी मला ओढून कुपवाडच्या माळापर्यंत चालत नेत आणि वाटभर एकच विषय. "'कायम' या शब्दाचे सोयरे बघितलेस? कायमचा आजार. कायमचा बंदोबस्त. कायमचा निरोप. एक सोयरा धड नाही, गड्या." मी हसून सोडून द्यायचो. वर्गात मुलं तीच होती, फळा तोच, पण आता ते फळ्याशी कमी आणि खिडकीशी जास्त उभे राहत. चार पावसाळे कसेबसे निघाले. मग एके दिवशी रहिमतपूरच्या शाळेत जागा असल्याचं त्यांनी मला सांगितलं, तेव्हा त्यांचे डोळे त्या फलाटावर चमकले होते तसे चमकत होते. मला त्यांचा असा राग आला की मी त्या दिवशी त्यांच्याबरोबर चाललो नाही.

माईंना सांगितलं तेव्हा मी तिथेच होतो. माई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही जा. मी राहते."

"राहते म्हणजे?"

"कायमचं घर," माई म्हणाल्या. "हा एक सोयरा तुमच्या ध्यानात आला नव्हता. यंदाचा वेल आत्ता कुठे मांडवावर चढलाय. मी नाही येत."

त्या ओरडल्या असत्या तर मास्तर थांबले असते, असं मला वाटतं. पण त्या ओरडल्या नाहीत. स्टेशनवर मीच गेलो. या खेपेला पेटी नव्हती, एक वळकटी आणि छत्री. गाडीत चढून, दारातच उभे राहून त्यांनी मला विचारलं, "चार-आठ दिवसांत येईल ना रे ती?"

"नाही यायच्या," मी म्हटलं. मी मुद्दामच तोडून बोललो आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

माईंनी दोन-तीन शिक्षकांना जेवायला घालायला सुरुवात केली, फळीवरची भांडी रोजच्या वापरात आली. मास्तर आधी दर रविवारी येत. जेवत, परसात फेऱ्या मारत, संध्याकाळच्या गाडीने जात. मग महिन्याने. मग रहिमतपूरही सुटलं असं कानावर आलं, आणि पुढे कुठे आहेत ते कुणाला सांगता येईना. माई विचारलं की म्हणत, "असतील कुठेतरी उभे." मधल्या काळात स्वराज्य आलं, सांगलीचं संस्थान गेलं, माझं कुटुंबही नाशिकला जायला निघालं.

निघायच्या आदल्या दिवशी माईंचा निरोप घ्यायला गेलो. थंडीचे दिवस, सकाळची उन्हं परसात आलेली. माई पेटीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या, मांडीवर ताट. मी बोळातून वळतोय तर परसाच्या दाराशी मास्तर. दाढी वाढलेली, कोटाची उजवी बाही काळी, म्हणजे बरेच दिवस फळ्याशी गाठ पडलेली नसावी. मी तिथेच थबकलो.

"माई," ते म्हणाले, "आत येऊ का?"

माईंनी बघितलं. हातातली शेंग सोलून दाणे ताटात टाकले. मग वर्गातली पोरं विचारत तसंच विचारलं, फक्त हळू.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही." मास्तरांचा आवाज खुर्चीत बसल्या दिवशी होता तसा झाला. "एकटाच आहे."

माई पेटीवर थोड्या सरकल्या. "बसा."

मास्तर आत आले, छत्री भिंतीला टेकवली आणि माईंच्या शेजारी पेटीवर बसले. बसल्या बसल्या त्यांचा पाय हलायला लागला. तोच जुना हिसका, पेटीचा पत्रा वाजायला लागला. माईंनी आपल्या मांडीवरचं ताट उचललं आणि त्यांच्या मांडीवर ठेवलं. पाय थांबला. मास्तरांनी एक शेंग घेतली आणि सोलायला लागले.

मी आत गेलो नाही.